पॉइंट कुठं टाकायचा: मुनीम मावशीची वही

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. दुपारचे दोन, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात कूलरसमोर दोघंच जागे: मी आणि अकरावीतला माझा भाचा. तो ‘एल्डन रिंग’ खेळत होता आणि मार्गिट नावाचा शिंगवाला, काठीवाला राक्षस त्याला धू धू धूत होता. नवव्यांदा मेल्यावर पोरानं कंट्रोलर गादीवर फेकला.

“मावशी, लेव्हल ३२ झाली माझी. तरी हा मला तीन फटक्यांत मारून राहिला. गेमच बेकार आहे.”

“गेमला नावं नको ठेवू. स्टॅटचं पान उघड बरं.”

उघडलं. स्टॅट म्हणजे पात्राच्या अंगच्या गुणांचे आकडे, दर लेव्हलला त्यातल्या एकात एक पॉइंट टाकायचा. व्हिगर (आयुष्य) १६, माइंड (जादूचं इंधन) १४, एंड्युरन्स (दम आणि ओझं) १४, स्ट्रेंग्थ (ताकद) १८, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, इंटेलिजन्स (मंत्र) १३, फेथ (प्रार्थना) १२, आर्केन (नशीब) ८. मी कपाळाला हात लावला. पोरानं पॉइंट टाकले नव्हते, संक्रांतीचं वाण वाटलं होतं. आली तिला एकेक.

मी इतवारीत मसाल्याच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते, १९ वर्षं झाली. बिलं आता कॉम्प्युटरवर होतात, पण कुठलाही आकडा दिसला की मला पहिला प्रश्न पडतो तो जुनाच: हा आला कुठून अन् गेला कुठं? गेममध्येही माझं तेच. लाल पुठ्ठ्याची एक वही आहे, तिच्यात माझ्या प्रत्येक पात्राचं खातं आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. घरचे हसतात, हसू द्या. त्या दुपारी भाच्याला जे सांगितलं ते इथं लिहून काढते, कारण त्याच्या वर्गातले आणखी तिघं आता तेच विचारून राहिले आहेत.

जमेची बाजू

लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे पॉइंट), हिट पॉइंट (आयुष्याचे पॉइंट) ही सगळी भाषा कागदावर आणि फाशांवर खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधून आली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा तो खेळ १९७४ सालचा. राक्षस मारा, खजिना आणा, अनुभव मिळवा. कॉम्प्युटरवाल्यांनी ते उचललं आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं फिरवलं. म्हणून शब्द एकच असला तरी मामला प्रत्येक गेममध्ये वेगळा. नवीन गेम लावला की पहिल्या अर्ध्या तासात एवढंच शोधा: इथं अनुभव कशाचा मिळतो?

‘द विचर ३’ मध्ये रानातले लांडगे मारत बसलात तर हाती चिल्लर येते, खरी कमाई क्वेस्टची, म्हणजे सोपवलेल्या कामांची. त्यातही क्वेस्टची सुचवलेली लेव्हल तुमच्यापेक्षा सहा किंवा जास्तनं खाली गेली की तिचा अनुभव नावापुरता उरतो. म्हणून तिथं मी बारकी कामं साचू देत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये गोड बोलून प्रकरण मिटवलं तरी अनुभव मिळतो, आणि तो कँपवर बसून राहिलेल्या सोबत्यांनाही मिळतो. म्हणजे “याला सोबत नेलं नाही तर हा मागं पडेल” ही काळजी तिथं करायची नाही. ‘स्कायरिम’मध्ये तर राक्षस मारल्याचा हिशेबच नाही, जे काम कराल ते कौशल्य वाढतं. त्याच्याकडे मागून येते.

‘एल्डन रिंग’मध्ये रून हेच चलन आणि रून हाच अनुभव. दुकानदाराकडून बाण घेतले की तेवढी लेव्हल लांबली. मेलात की सगळे रून जागेवरच पडतात. परत जाऊन उचलायची एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर गेले ते गेले. भाचा १४ हजार रून खिशात घेऊन मार्गिटच्या दारात उभा होता! इतवारीतला कोणता शेठ दिवसभराचा गल्ला पिशवीत टाकून शहीद चौकातल्या गर्दीतून एकटा पायी जाईल? आधी भरणा करायचा. ग्रेसच्या (विसाव्याच्या) जागी बसा, जमेल तेवढ्या लेव्हल घ्या, उरल्यासुरल्याचं कामाचं काहीतरी विकत घ्या आणि मग खुशाल मरायला जा.

गोल्डन रून नावाच्या वस्तू सापडतात, त्या मात्र सापडल्या सापडल्या फोडू नका. मेल्यावर त्या हातून जात नाहीत. पहिल्या नंबरची फोडली की २०० रून मिळतात. ती आपली एफडी. पुढच्या लेव्हलला थोडेच कमी पडत असतील तेव्हाच मोडायची.

आता ग्राइंडिंग. एकाच कोपऱ्यात तेच दहा शिपाई तासभर मारत राहायचं, हे मला पटत नाही. पगारासाठी आठ तास तेच तेच करून घरी येते, घरीही तेच करू? नवीन जागा फिरलं की रून तर मिळतातच, वर दगड, ताबीज, औषधाची कुपी वाढवायच्या बिया असं बरंच मिळतं. मार्गिटवर अडलेल्या प्रत्येकाला मी लिमग्रेव्हच्या, म्हणजे गेमच्या पहिल्या मुलखाच्या, दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात पाठवते. तो भाग मुळात तुमच्याच लेव्हलसाठी आहे, पण मार्गिट ज्याच्या दारात उभा आहे तो किल्ला नकाशावर दिसला की सगळे किल्ल्याकडे पळतात.

खर्चाची बाजू

भाच्याचं पात्र व्हॅगाबाँड. ते लेव्हल ९ ला सुरू होतं. व्हिगर १५, माइंड १०, एंड्युरन्स ११, स्ट्रेंग्थ १४, डेक्स्टेरिटी १३, इंटेलिजन्स ९, फेथ ९, आर्केन ७. लेव्हल ३२ म्हणजे वर २३ पॉइंट आले. मी वहीत उतरवलं: माइंडला ४, इंटेलिजन्सला ४, फेथला ३, आर्केनला १. झाले १२. म्हणजे अर्ध्याहून जास्त कमाई अशा खात्यांत गेली ज्यांचा त्याच्या हातातल्या तलवारीशी संबंध नव्हता. मंत्रदंड नाही, मंत्र नाही, तलवारीचं स्किलसुद्धा तो वापरत नव्हता.

“फेथ काहून वाढवलं तू?”

“कधी प्रार्थना शिकलो तर कामी येईल म्हणून.”

“अन् व्हिगर?”

“एकच टाकला. मी डोज करतो ना, वार चुकवतो.”

दिसून राहिलं होतं किती डोज करतो ते.

काटोलकडे माझ्या मामाची संत्र्याची बाग आहे. संत्र्याला आंबिया आणि मृग असे दोन बहार येतात. मामा त्यातला एकच धरतो, त्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतो. दोन्ही धरायला गेलं तर झाड खचतं आणि फळही बारीक राहतं. पात्राचं तसंच आहे. पहिल्या चाळीस-पन्नास लेव्हलपर्यंत एक मारायचा स्टॅट, एक जगायचा स्टॅट, बाकीच्यांचं पाणी तोडा. तुम्हाला तलवार आणि जादू दोन्ही हवी असेल तर तेही करता येतं, पण ती दुसऱ्या खेपेची हौस. पहिल्यांदा नको.

आता मुख्य गोष्ट, एका पॉइंटमध्ये काय मिळतं ते बघणं. भाव नेहमी सारखा नसतो. ‘एल्डन रिंग’मधला व्हिगरचा भाव माझ्या वहीत असा आहे: व्हिगर १५ ला आयुष्य ५२२. २५ ला ८००. ४० ला १४५०. ६० ला १९००. शेवटच्या ९९ ला २१००. वजाबाकी करून बघा. १५ पासून २५ पर्यंत एका पॉइंटला साधारण २८ मिळतात. २५ पासून ४० पर्यंत ४३. तिथून ६० पर्यंत साडेबावीस. आणि ६० च्या पुढं जेमतेम ५. म्हणजे सगळ्यात चांगला माल २५ ते ४० च्या मधे आहे, आणि नेमक्या त्या टप्प्यावर पोहोचायच्या आधीच पोरं “व्हिगर बोर आहे” म्हणून सोडून देतात. भाव जिथं घसरतो त्या आकड्याला खेळणारे सॉफ्ट कॅप म्हणतात. पुढं टाकता येतो पॉइंट, कोणी हात धरत नाही, फक्त पैसा वसूल होत नाही.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. लेव्हल घ्यायच्या पानावर पॉइंट नुसता वाढवून बघा, पक्का करू नका. जे जे आकडे बदलतील ते निळे होतात. आयुष्य किती वाढलं, मार किती वाढला, ओझं किती वाढलं, सगळं समोर असतं. एक पॉइंट इकडे, बघा. परत घ्या, तिकडे, बघा. दुकानात आम्ही दोन गिऱ्हाइकांचे भाव विचारल्याशिवाय धण्याचं पोतं सोडत नाही. इथं तर विचारायला पैसेही पडत नाहीत.

ओझ्यावरून आठवलं. भाच्याला त्याच्या डोजचा भारी अभिमान, पण अंगावर इतकं लोखंड चढवलं होतं की पात्र कोलांटी मारायच्या ऐवजी पोतं पडावं तसं धप्पकन पडायचं. एकूण पेलायच्या वजनाच्या ७० टक्क्यांच्या आत राहिलं तर उडी बरी बसते, ३० टक्क्यांच्या आत हलकी, सत्तरी गाठली की जड. तो ७४ वर होता. मी नुसतं शिरस्त्राण आणि हातमोजे काढायला लावले. एक पॉइंट खर्च न करता निम्मं दुखणं गेलं. एंड्युरन्स वाढवायचा तो यासाठी, आणि दमासाठी. पण आधी अंगावरचं काढून बघा.

आधी शस्त्र, मग लेव्हल

हा भाग मला सगळ्यांच्या डोक्यात हातोडीनं ठोकावासा वाटतो. लेव्हल ३२ झाली तरी पोराची लाँगस्वोर्ड प्लस शून्य होती. सुरुवातीला मिळाली तशीच, कोरी करकरीत.

स्ट्रेंग्थमध्ये चार पॉइंट टाकून मार जेवढा वाढतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तलवार तीन पायऱ्या चढवून वाढतो. पहिल्या पायरीला पहिल्या नंबरचे २ स्मिदिंग स्टोन लागतात, दुसरीला ४, तिसरीला ६. झाले १२ दगड. लिमग्रेव्हच्या बोगद्यात ते भिंतीला चिकटलेले सापडतात. एलेहच्या चर्चमध्ये, अगदी सुरुवातीच्या जागी, ऐरण आहे. तिथं प्लस ३ पर्यंत होतं. पुढचं काम राउंडटेबल होल्डमधल्या लोहाराकडे. साधं शस्त्र शेवटी प्लस २५ पर्यंत जातं, खास शस्त्रांना सोम्बर दगड लागतात आणि ती प्लस १० ला थांबतात.

शस्त्राच्या पानावर इंग्रजी अक्षरं असतात, ई पासून एस पर्यंत. तुमच्या स्टॅटमधून शस्त्राला किती मदत मिळते ते त्यात कळतं. ई म्हणजे चुलत्याचा चुलता, ए म्हणजे सख्खा भाऊ, एस म्हणजे आईच. शस्त्र जसं चढतं तशी ही मदतही वाढते. त्यामुळे शस्त्र कोरं ठेवून स्टॅट वाढवणं म्हणजे रिकाम्या दुकानाला मोठी पाटी लावणं.

आणि एक युक्ती. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की तुमची स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. ग्रेटस्वोर्डला ३१ स्ट्रेंग्थ लागते, पण दोन हातांनी पेलायची असेल तर २१ पुरते. १० लेव्हल वाचल्या! ढाल गेली, ते मान्य. मला ढाल तशीही जमत नाही.

या गेममध्ये सगळे पॉइंट काढून पुन्हा मांडता येतात, पण त्यासाठी राया लुकारिया अकादमीतल्या रेनालाला हरवावं लागतं आणि दर वेळी एक लार्व्हल टिअर द्यावा लागतो. भाचा तिथून कोसो दूर. म्हणून जुनी उधारी तशीच ठेवली आणि पुढचं ठरवलं: आधी १२ दगड, मग नऊ लेव्हल एकट्या व्हिगरला. आयुष्य ५४७ वरून ८०० वर. वहीत त्याच्या नावानं नवीन पान काढलं.

माझी सॉर्सरेस

मी हे शहाणपण पोटातून घेऊन आले नाही. २००४ ची गोष्ट. मोठ्या भावानं घरी कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याच्या मित्राकडून ‘डायब्लो २’ ची सीडी आली. भाऊ रात्री खेळायचा, मी दुपारी, लाइट असली तर. बीकॉमचं पहिलं वर्ष होतं, बॅलन्स शीट जुळायची नाही, पण सॉर्सरेस झकास चालली होती.

त्या गेममध्ये दर लेव्हलला ५ स्टॅट पॉइंट आणि १ स्किल पॉइंट मिळतो. स्टॅट चारच: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, व्हायटॅलिटी, एनर्जी. मी विचार केला, ही जादूगारीण, जादूला माना (जादूचं इंधन) लागतो, माना एनर्जीतून येतो, तर टाका एनर्जी. लेव्हल २२ पर्यंत १०५ पॉइंट मिळाले. त्यातले ८० एनर्जीला आणि २५ स्ट्रेंग्थला, एक चिलखत आवडलं होतं म्हणून. व्हायटॅलिटी जन्मजात १० ची १० च.

सॉर्सरेसचं आयुष्य सुरुवातीला ४० असतं, दर लेव्हलला आपोआप १ वाढतं, व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटला २ मिळतात. करा हिशेब. ४० आणि २१, माझ्याजवळ ६१. मान्याचा निळा गोळा काठोकाठ भरलेला आणि लाल गोळा पाणीपुरीएवढा.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी थडग्यात ड्युरियल असतो. किड्यासारखा, पुढं दोन विळे. खोली एवढीशी, पळायला जागा नाही, वर त्याच्या जवळ गेलं की आपण गारठून हळू होतो. आमच्या कॉम्प्युटरला ती खोली लोड व्हायला वेळ लागायचा. पडद्यावर चित्र यायच्या आधीच मी मेलेली असायची. चार दिवस दुपारभर तेच. दार, अंधार, किंचाळी. भाऊ मागं उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, “तू आत जाऊन राहिली का नुसती हजेरी लावून राहिली?”

तेव्हा पॉइंट परत घ्यायची सोयच नव्हती. ती आली २०१० मध्ये, १.१३ च्या पॅचमध्ये, जेव्हा अकारा नावाची पहिल्या गावातली बाई रीस्पेक करून द्यायला लागली. सहा वर्षं उशिरा. मी ती सॉर्सरेस पुसली आणि नवीन काढली. या वेळी स्ट्रेंग्थ अंगावरच्या सामानापुरती, एनर्जी शून्य, बाकी सगळं व्हायटॅलिटी. पुढं कळलं की अनुभवी लोक वर्षानुवर्षं हेच करत होते. कारण अगदी साधं. माना संपला तर पळता येतं, थांबता येतं, तो आपोआप भरतो. आयुष्य संपलं तर कशासाठी थांबणार?

लाल वही तेव्हापासून आहे. पहिल्या पानावर अजून ते ८० आहेत, गोल करून.

आता जवळपास सगळीकडे रीस्पेक मिळतो. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये विदर्स नावाचा सांगाडा १०० सोन्याच्या नाण्यांत करून देतो, हवं तितक्या वेळा. ‘द विचर ३’ मध्ये त्यासाठी औषध विकत मिळतं. पण पोरं काय करतात, मुळात पॉइंट कुठं गेले ते लिहून ठेवत नाहीत, मग रीस्पेक करून पुन्हा तीच भेळ करतात.

बाकी गेमचं थोडक्यात

‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये विषम आकडा म्हणजे बहुतेक वेळा वाया गेलेला पॉइंट. स्टॅटमधून १० वजा करा, दोननं भागा, अपूर्णांक खाली सोडा, तेवढाच बोनस. १६ ला प्लस ३, १७ लाही प्लस ३, १८ ला प्लस ४. मुख्य स्टॅट १७ ठेवायचा असेल तर चौथ्या लेव्हलला स्टॅट वाढवता येतो ते डोळ्यांसमोर ठेवूनच. ज्या स्टॅटशी घेणंदेणं नाही तो ८ वर सोडा, लाजू नका. आणि पाचव्या लेव्हलच्या आधी वर्गांची (पात्राच्या पेशांची) सरमिसळ करू नका. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन यांना त्या वर्गाच्या पाचव्या लेव्हलला दुसरा वार मिळतो. तीन लेव्हल फायटरच्या आणि दोन ‘रोग’च्या (चोराच्या) असं करून ‘लेव्हल ५’ झालात तर तो वार मिळत नाही, आणि समोरचे गोब्लिन काही तुमची बेरीज बघायला थांबत नाहीत. कमाल लेव्हल १२ आहे, तेव्हा काटकसर आपोआप येते. एफ ५ दाबून सेव्ह करत जा. एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती, दोन तासांचा खेळ गेला. त्या रात्री मी कोणाशी बोलले नाही.

‘द विचर ३’ बद्दल एकच: क्षमता विकत घेतली म्हणजे ती चालू झाली असं नाही. ती खाचेत बसवावी लागते. भाच्यानं सहा पॉइंट घेतले होते आणि दोनच बसवले होते. शेजारी त्याच रंगाचं म्युटाजेन (राक्षसांच्या अंगचा अर्क) लावलं की जास्तीचा फायदा.

‘स्कायरिम’मध्ये १८ कौशल्यं आहेत, वापराल तसं वाढतात, त्यांच्या वाढीतून तुमची लेव्हल चढते. दर लेव्हलला आयुष्य, जादू किंवा दम यांतल्या एकात १० आणि एक पर्क (कौशल्यातली खास सवलत). गंमत अशी की शत्रूही तुमच्या लेव्हलप्रमाणे तगडे होतात. म्हणून गावात बसून नुसते खंजीर ठोकून, औषधं कुटून लेव्हल वाढवली तर बाहेर पडल्यावर रानातले लोक तयारीचे आणि तुमचा तलवारीचा हात अजून कच्चा. हातानं लढायचं ते आधी वाढवा, धंदा मागून. सुरुवातीला रिव्हरवूडच्या वाटेवर तीन दगड आहेत, वॉरियर (योद्धा), मेज (जादूगार), थीफ (चोर). आपल्या कामाचा दगड शिवलात की त्या गटातली कौशल्यं २० टक्के लवकर वाढतात. हा फुकटचा माल घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

दडवलेले आकडे

काही गेम हिशेबाची अर्धी पानं लपवून ठेवतात. ‘पोकेमॉन एमराल्ड’ घ्या, फोनवर एम्युलेटरमध्ये अर्ध्या नागपूरनं खेळला असेल. त्यात हरवलेला प्रत्येक पोकेमॉन तुमच्या पोकेमॉनच्या एखाद्या स्टॅटला गुपचूप भर घालतो. ग्रॅनाइट केव्हमध्ये झुबॅट मारलात तर स्पीडला, जिओड्यूड मारलात तर डिफेन्सला, माकुहिता मारलात तर एचपीला. एका स्टॅटला जास्तीत जास्त २५५, सगळे मिळून ५१०. लेव्हल १०० ला अशा ४ चा १ पॉइंट होतो, म्हणून २५२ वर थांबायचं, वरचे ३ फुकट जातात. एका स्टॅटला ६३ पॉइंटचा फरक!

रेअर कँडी खाऊ घालून लेव्हल वाढवली तर हा छुपा भरणा होत नाही. दोन भावांचे दोन सेप्टाइल, दोघेही लेव्हल १००, दोघांचा नेचर (स्वभाव) सारखा. एक झुबॅट आणि पुचिएना मारून वाढलेला, दुसरा कँडी खाऊन. लढवून बघा. लेव्हल हा पगाराच्या पावतीवरचा एकूण आकडा आहे, हातात काय येतं ते वेगळं. म्हणून कँडी असेल तर शेवटासाठी राखा.

‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये आकडे दिसतात, पण त्यांचं नातं सांगत नाहीत. दुकानातल्या माझ्या सोबतिणीची मुलगी आली होती, तिच्या पात्राचा क्रिट रेट (जोरदार फटका बसायची शक्यता) ३० टक्के आणि क्रिट डॅमेज (त्या फटक्यातला जास्तीचा मार) १५० टक्के. ती खूश, कारण कधीमधी पडद्यावर भला मोठा आकडा उडायचा. मी कागद घेतला. सरासरी मार काढायचा तर रेट आणि डॅमेजचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. ०.३० गुणिले १.५० म्हणजे ०.४५, एकूण १.४५. आता तेवढ्याच ऐपतीत रेट ६० आणि डॅमेज ९० केलं तर ०.५४, एकूण १.५४. या गेममध्ये आर्टिफॅक्टवर (पात्राला चढवायच्या वस्तूंवर) रेटचा १ टक्का डॅमेजच्या २ टक्क्यांच्या भावानं मिळतो, म्हणून डॅमेज रेटच्या दुप्पट असलं की गुणाकार सगळ्यात मोठा होतो. तिच्या ऐपतीत साडेबावन्न आणि १०५. तिनं कागद घडी करून फोनच्या कव्हरमागं ठेवला. मला तेवढंच पुरे.

भाचा गेल्या आठवड्यात वर्ध्याला परत गेला. काल रात्री साडेअकराला फोन.

“मावशी, मार्गिट गेला! चौथ्या खेपेत. व्हिगर २५, तलवार प्लस ३, जसं सांगितलं तसं.”

“शाब्बास. रून किती मिळाले? काय केलं त्यांचं?”

थोडा वेळ तिकडून काहीच नाही.

“आर्केनमध्ये टाकले. माझा मित्र म्हणाला, त्यानं सामान जास्त पडते.”

मी वही उघडली, त्याच्या पानावर उजवीकडे आर्केन ९ लिहिलं, आणि म्हटलं, “बरं, किल्ल्यात गॉड्रिक आहे. त्यानं मारलं की फोन कर.”